होळी

होळी : महेश एलकुंचवार (१९३९– ) यांची महाविद्यालयीन युवकांच्या हिंसेवरील मराठी एकांकिका. विजया मेहता यांनी १९६९-७० च्या सुमारास ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेसाठी ती दिग्दर्शित केली. तीवर आधारित त्याच नावाचा केतन मेहता-दिग्दर्शित हिंदी चित्रपट १९८४ मध्ये निघाला. त्याच्या पटकथालेखनात एलकुंचवारांचाही सहभाग होता.

होळीची सुटी नाकारली गेल्याने वसतिगृहातील विद्यार्थी बिथरतात. थट्टामस्करीचे पर्यवसान दंगलीत होते. आपली नावे वरिष्ठांना सांगणाऱ्या सहाध्यायाची ते विटंबना करतात आणि तो आत्महत्या करतो.

शीर्षकाची योजना अर्थपूर्ण आहे. लाकडे-गोवऱ्या पळविणे, बोंब मारणे, अर्वाच्य बोलणे यांना शिमग्यात लोकाचाराने मुभा दिली. त्याचबरोबर तिला काळाची मर्यादाही घातली. येथे मुभा नाकारली जाते, तेव्हा मर्यादाही सुटते व लाकडांच्या जागी माणसाची आहुती पडते. या मुलांत कोणीही जन्मजात दुष्ट नाही. त्यांचा रोष सत्तेवर असतो. परंतु सत्ता हाती लागत नाही म्हणून तो आपल्यांतीलच सर्वांत दुबळ्यावर कोसळतो. हे अचूक निरीक्षण हा या एकांकिकेचा गाभा होय.

फ्रांक व्हेडेकिंट यांच्या स्प्रिंग अवेकनिंग (१८९१) या जर्मन नाटकात शाळेच्या व घराच्या दडपणाने किशोर मृत्यूला कवटाळतो, तर एडवर्ड बाँड यांच्या सेव्ह्‌ड (१९६५) या इंग्रजी नाटकात तरुणांचे टोळके निरागस अर्भकाचा बळी घेते. होळीमध्ये वडीलधाऱ्यांचे दडपण व टोळीची क्रूरता एकत्र येतात, हे तिचे वेगळेपण.

मुलांची जात, घर, आर्थिक परिस्थिती यांचा वेध मात्र एकांकिकेत फारसा नाही. त्यामुळे हिंसेचा आवेग जाणवतो, पण तिची सामाजिक मुळे अस्पष्ट राहतात. विजय तेंडुलकरांच्या पाहिजे जातीचे (१९७६) या नाटकात ग्रामीण महाविद्यालयातील दांडगाईमागे जात व संस्थाचालकांची सत्ता स्पष्ट दिसते. या मर्यादेनंतरही होळीचे महत्त्व उणावत नाही. युवकांचा उद्रेक हा केवळ शिस्तीचा प्रश्न मानणाऱ्या संस्थेच्या हाती अखेर एक मृतदेह उरतो, ही तिची जाणीव शिक्षणसंस्थांना आजही अस्वस्थ करणारी आहे.