‘हे तू वाचच’ : मुलांनी मुलांना केलेली शिफारस

समोर आज पालक आहेत, शिक्षक आहेत आणि पुढच्या दोन रांगांत मुलं बसली आहेत, याचा आनंद आहे. विषय आहे नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकांच्या आवडत्या कादंबऱ्या. पण नुसती यादी आम्ही वाचून दाखवणार नाही. एक मुलगा दुसऱ्या मुलाला जेव्हा सांगतो, “हे तू वाचच,” तेव्हा तो नेमकं काय करत असतो, याचा विचार करायचा आहे. आमचं म्हणणं असं, की तो समीक्षा करत असतो. आणि बऱ्याचदा ती आपल्या मोठ्यांच्या समीक्षेपेक्षा खरी असते.

आम्ही काही जण या वयाच्या मुलांबरोबर नियमित पुस्तकं वाचतो. तिथे एक गोष्ट वारंवार दिसते. आपण पुस्तक पुढे केलं आणि म्हटलं, “फार छान आहे, यातून खूप शिकायला मिळतं,” की पुस्तक टेबलावरच राहतं. तेच पुस्तक शेजारच्या मुलीनं “यात एक मुलगी संडासाच्या टाकीतून घाण उपसते” असं सांगून दिलं, की पुढच्या आठवड्यात त्यासाठी नंबर लागतात. आता हे वाक्य वरवर थिल्लर वाटेल. पण ते ‘तोत्तोचान’बद्दल आहे, आणि त्या पुस्तकाच्या गाभ्याला हात घालणारं आहे. त्याकडे आपण येऊच.

आधी या वयाबद्दल थोडं. मराठीत आपण ‘बालसाहित्य’ म्हणतो आणि चार वर्षांच्या मुलापासून चौदा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना एकाच कपाटासमोर उभं करतो. ‘कुमार’, ‘किशोर’ हे शब्द आपल्याकडे आहेत, बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून आहे. पण दुकानात आणि शाळेच्या ग्रंथालयात कप्पा बहुधा एकच. दहा-अकरा वर्षांचं मूल त्या कपाटासमोर येतं, त्याला एका बाजूला सश्याच्या गोष्टी दिसतात, दुसऱ्या बाजूला थोरांची चरित्रं. ते वळतं आणि निघून जातं. वाचन सुटतं ते बऱ्याचदा इथे, आणि नंतर आपण मोबाइलला दोष देतो. म्हणून या वयाला योग्य पुस्तक कोण सांगतं, कसं सांगतं, हा शौकाचा प्रश्न नाही. एक वाचक राहतो की जातो, एवढं त्यावर ठरतं.

सुरुवात अर्थातच फास्टर फेणेपासून. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला, अंगानं किडकिडीत, सायकलवर बसला की वारा. मोठी माणसं त्याची शिफारस करताना ‘धाडसी’, ‘चौकस’ वगैरे विशेषणं लावतात. मुलं काय सांगतात? “तो ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो.” बस्स. आणि सांगता सांगता स्वतः काढून दाखवतात. आम्हाला ही शिफारस फार नेमकी वाटते. कारण त्या एका आवाजात भागवतांची सगळी रीत आहे. फेणे विचार करून संकटात पडत नाही, आधी पडतो आणि मग विचार करतो. भागवतांचं वाक्यही तसंच धावतं : छोटं, बोलकं, मध्येच उडी मारणारं. मुलाला वर्णन वाचायचा कंटाळा येतो, असं आपण म्हणतो. वर्णनाचा येत नाही. थांबलेल्या वर्णनाचा येतो. भागवतांचं वर्णन फेणेच्या सायकलच्या मागे कॅरिअरवर बसून जातं.

आणखी एक गंमत बघा. लेखक स्वतः या गोष्टींमध्ये असतात. फेणे त्यांना ओळखतो, आपले पराक्रम त्यांच्यापर्यंत पोचवतो. म्हणजे लेखक नावाचा माणूस पुण्यात कुठेतरी राहतो आणि आपली गोष्ट त्याला जाऊन सांगता येते, हे मुलाला पहिल्यांदा कळतं. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या या लेखकानं साहसाची आवड परदेशातून घेतली असेल, पण फेणेला त्यांनी परका ठेवला नाही. प्रतापगड आहे, पुण्याचे रस्ते आहेत, वसतिगृहातली मित्रमंडळी आहेत.

आता दोष. मुलं हेही सांगतात, आणि त्यांना सांगू दिलं पाहिजे. “योगायोग फार आहेत.” “चोर नेमके ह्याच्याच समोर कसे येतात?” “मुली कमी आहेत.” तिन्ही गोष्टी खऱ्या. पहिल्या दोन या प्रकाराच्याच मर्यादा आहेत. साहसकथेत नायक घरी बसून कसं चालेल? तिसरी मात्र त्या काळाची मर्यादा आहे, आणि आजच्या मुलीनं ती बोलून दाखवली तर भागवतांचा अपमान होत नाही. उलट पुस्तक जिवंत असल्याची ती खूण आहे.

आता ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं. काटेकोरपणे पाहिलं तर ही कादंबरी नाही, आठवणी आहेत. पण मुलं ती कादंबरीसारखीच वाचतात, म्हणून ती आमच्या यादीत आहे. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी. कारण काय? डेस्कचं झाकण सारखं उघडते-मिटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते. मग ती तोमोए नावाच्या शाळेत येते. तिथे वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरतात, आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात.

इथे एक कोडं आहे. अकरा वर्षांच्या मुलांना आपल्यापेक्षा लहान मुलांची पुस्तकं ‘बाळबोध’ वाटतात. मग सहा-सात वर्षांच्या मुलीची ही गोष्ट पाचवी-सहावीतली मुलं एकमेकांना का देतात? आम्हाला वाटतं, या पुस्तकात वाचक तोत्तोचानपेक्षा थोडा जास्त जाणतो. तिला शाळेतून काढलंय हे तिला माहीत नाही. आईनं सांगितलेलं नाही. आपल्याला माहीत आहे. म्हणजे वाचणारं मूल आईच्या बाजूला जाऊन उभं राहतं, एक गुपित सांभाळतं. आपल्यावर कुणीतरी विश्वास टाकलाय, असं त्याला वाटतं. या वयाला हेच हवं असतं.

आणि आता ती टाकी. तोत्तोचानचं आवडतं पाकीट संडासात पडतं. ती मोठा डाव घेऊन टाकीतली घाण उपसायला लागते, बाजूला ढीग होतो. मुख्याध्यापक येतात, बघतात आणि एवढंच विचारतात, की झाल्यावर हे सगळं परत आत टाकशील ना? ओरडत नाहीत, मदतही करत नाहीत. पाकीट सापडत नाही. ती सगळी घाण परत आत टाकते. शिक्षणावरचे कितीतरी निबंध या एका प्रसंगात आहेत. पण मुलाला निबंध नको असतो. त्याला दिसतं ते इतकंच, की एका मोठ्या माणसानं एका लहान मुलीचं काम तिचं राहू दिलं. म्हणून मघाची ती शिफारस, ‘घाण उपसते’वाली, आम्हाला थिल्लर वाटत नाही. त्या मुलीनं पुस्तकातलं सगळ्यात मोठं पान निवडलं होतं.

दुसरं पान ताकाहाशीचं. त्याची वाढ खुंटलेली, पाय आखूड. शाळेच्या क्रीडादिनाला मुख्याध्यापक शर्यतीच अशा रचतात की जिंकतो तो ताकाहाशी. कुठेही भाषण नाही, ‘दया करा’ नाही. आणि बक्षीस म्हणून भाज्या! मुळा, पालक वगैरे घरी न्यायचा. आपल्याकडच्या पुस्तकात हाच प्रसंग असता, तर शेवटी एक परिच्छेद तात्पर्याचा आला असता. इथे लेखिका भाज्यांवर थांबते. पोलिओ झालेल्या यासुआकीला झाडावर चढवण्याचा प्रसंग, पुढे त्याचा मृत्यू, आणि शेवटी बॉम्बवर्षावात जळणारी शाळा, हे सगळं ती याच आवाजात सांगते. दुःख मुलांपासून लपवत नाही आणि त्यांच्या अंगावरही टाकत नाही.

तिसरं नाव पटकन घेतो : सत्यजित राय यांचा फेलूदा. मराठीत अशोक जैन यांच्या अनुवादातून तो आला. मुलं हुशार फेलूदाचं नाव घेतात, पण आम्ही त्यांना तोपशेकडे बघायला सांगतो. गोष्ट सांगतो तो हा चुलत भाऊ. तो फार काही करत नाही, नीट बघतो आणि प्रामाणिकपणे सांगतो. शिवाय ‘सोनार केल्ला’पासून येणारे जटायू, म्हणजे रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू. त्यांच्या पुस्तकांतल्या चुका फेलूदा त्यांना काढून दाखवतो. लेखकानं लिहिलंय म्हणून ते बरोबर असतंच असं नाही, हा धडा इथे हसत हसत मिळतो.

आता अवघड पुस्तक. ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. याची शिफारस मुलांनी मुलांना केलेली आम्ही फारच कमी ऐकली, कारण आपण मोठ्यांनी ती आधीच करून ठेवलेली असते, भाषणासकट. ‘संस्कार’ हा शब्द लावून आपण या पुस्तकाचं नुकसान केलंय, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेला श्याम आठवा. आई त्याला ओढून काढते, मारते, विहिरीवर पाठवते. आजचं मूल विचारतं, “आईनं मारलं ते बरोबर का?” विचारू दे. पुढे वाचलं की त्याला हेही दिसेल, की अंगावरचे वळ बघून तीच आई कळवळते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, ही तिची तगमग आणि हातून झालेला मार, दोन्ही एकाच बाईचे आहेत. उत्तर सोपं नाही, म्हणून तर पुस्तक मोठं आहे. आपण ‘आई किती थोर’ म्हणून पान मिटलं, तर मुलाच्या हाती एक पुतळा लागतो. त्याला माणूस हवा असतो.

पुढच्या रांगेतल्या मित्रमैत्रिणींनो, आता थेट तुमच्याशी. पुस्तक कुणाला सांगायचं असेल तर ‘मस्त आहे’वर थांबू नका. ‘मस्त’ तर वडापावही असतो. कुठलं पान वाचताना जेवायची हाक ऐकू आली नाही, ते पान सांगा. शेवट मात्र फोडू नका. कुणासाठी सांगताय ते बघा. ज्याचा आजोबा नुकताच गेलाय त्याला यासुआकीचं प्रकरण आज द्यायचं की दोन महिन्यांनी, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. आणि न आवडलेलंही सांगा. “पहिली वीस पानं कंटाळा आहे, मग सुटतं,” एवढं खरं सांगणाऱ्या मित्रावर पुढच्या वेळी भरवसा बसतो. जो सगळंच ‘अप्रतिम’ म्हणतो, त्याचं कुणी ऐकत नाही. हे मोठ्यांच्या समीक्षेलाही लागू आहे, पण तो विषय वेगळा.

पालकांना, शिक्षकांना विनंती एकच. मुलानं दिलेलं कारण सुधारू नका. तो ‘ट्टॉक’ म्हणाला तर त्याच्याकडून ‘शौर्य’ वदवून घेऊ नका. शाळेच्या ग्रंथालयात एक वही ठेवा, त्यात मुलांनी आपल्या अक्षरात, आपल्या भाषेत दोन ओळी लिहाव्यात, आणि शुद्धलेखनाची लाल शाई तिथे नको. कपाटाची किल्ली दुपारच्या सुटीत शिपाईमामांकडे नको, मुलांच्याच एखाद्या जोडीकडे असू द्या. पुस्तकं थोडी फाटतील, एखादं हरवेलही. कुलपात जपून राहिलेल्या पुस्तकापेक्षा ते परवडलं.

इथे थांबतो. प्रश्न आधी मुलांचे घेऊ.