साक्ष कोणाची, लेखणी कोणाची?

वाशीम जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांना ‘साक्ष’ हा प्रकार अपरिचित नाही. शेजारच्या नाझरीन मंडळीत माणूस उभा राहतो आणि आपल्या विश्वासाची कथा स्वतःच्या तोंडाने सांगतो. नाझरीन हे वेस्लीच्या परंपरेतील. परंतु अशा कथनांच्या आधारे जो पंथ स्वतःला ओळखतो, तो मेनोनाइट पंथ वेस्लीहून दोन शतके जुना. १५२५ च्या जानेवारीत झुरिक येथे काही तरुणांनी जाणतेपणी पुन्हा स्नानसंस्कार घेतला, तेथे त्याचे मूळ आहे.

‘रक्तसाक्ष्यांचा आरसा’ (१६६०) हा त्यांचा महाग्रंथ. त्यातील यानेकेन म्युन्स्टडोर्प हिचे पत्र आम्हांस निव्वळ साहित्य म्हणूनही थोर वाटते. १५७३ साली अँटवर्पच्या तुरुंगात ती बाळंत झाली आणि जाळली जाण्यापूर्वी तिने आपल्या तान्हुलीला पत्र लिहिले. त्यात उपदेश पुष्कळ आहे. पण आईबापांच्या अशा मरणाची लेकीला पुढे लाज वाटू नये, ही तळमळ साऱ्या उपदेशाला पुरून उरते. तिला जाळणारी सत्ता कॅथलिक राजाची होती. कॅथलिक वाचकाने येथे पान उलटून पुढे जाऊ नये. पंथाच्या पंचशताब्दीनिमित्त २०२५ च्या मे महिन्यात परमगुरू लिओ चौदावे यांनी झुरिकला पाठविलेल्या संदेशातही या जुन्या जखमांचा उल्लेख आहे.

आपल्या बाजूला हा पंथ आला तो दुष्काळाच्या वाटेने. १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट मिशनरी धमतरीस उतरले. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हा वाशीम आणि धमतरी यांचा कारभार नागपुराहूनच चाले. १८९९-१९०० च्या ज्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळले, त्यानेच तेथील अनाथालयही भरले. पहिली मंडळी बव्हंशी त्या मुलांचीच.

येथे आमचा आक्षेप आहे. जॉर्ज लॅम्बर्ट यांचा १८९८ चा दुष्काळवृत्तांत घ्या. करुणा खरी, कष्ट खरे. लेखणी मात्र पाहुण्याची. ज्या पंथाचा प्राण ‘मी स्वतः निवडले’ या उद्गारात, त्याची येथील पहिली पिढी भुकेच्या दारातून आत आली. वाढणाऱ्या हाताला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु भूक आणि निवड यांचे नाते काय, हे त्या मुलांनीच सांगावयाचे होते.

असे सांगता येते, हे मराठीत लक्ष्मीबाई टिळकांनी दाखविले. १८९५ मध्ये पतीने स्नानसंस्कार घेतला, त्यानंतरचा दुरावा, सोवळ्याओवळ्याची ओढाताण, स्वतःचा सावकाश झालेला निर्णय, यांतील काहीही ‘स्मृतिचित्रे’त झाकलेले नाही, वर विनोदही आहे! धमतरीच्या अनाथालयाला एक लक्ष्मीबाई लाभावयास हवी होती.

आणि आपल्याला? आपण धर्ममातापित्यांच्या कडेवर स्नानसंस्कार घेतलेली माणसे. घराण्यात तो पहिल्यांदा कोणी घेतला, त्या साली घरात दाणा होता की नव्हता, भाऊबंद काय म्हणाले, हे धर्मग्रामाच्या नोंदवहीत सापडत नाही. ते अजून काही घरांतील आजीला ठाऊक आहे.