नावातच पत्ता असलेल्या माश्या

नवी जाती शोधणे म्हणजे रानात जाऊन अनोळखी किडा पकडणे व त्याला नाव देणे, अशी आपली समजूत असते. वर्गातही आपण साधारण तसेच सांगतो. हॅम्प्टन कार्सन आणि तोयोही ओकादा यांनी १९८० साली पापुआ न्यू गिनीमधील अळवाच्या फुलोऱ्यात आढळणाऱ्या माश्यांवर लिहिलेला शोधनिबंध ही समजूत दुरुस्त करतो. म्हणूनच त्याची दखल घ्यावी, असे आम्हांला वाटते.

अळवाची पाने आपण खातो, फुलोरा मात्र क्वचितच पाहतो. मध्ये जाड दांडा आणि त्याभोवती गुंडाळलेले मोठे आवरण. दांड्याच्या तळाशी स्त्री-फुले असतात, वर पुं-फुले आणि दोहोंच्या मध्ये वांझ फुलांचा पट्टा. स्त्री-फुले आधी पक्व होतात, पराग नंतर सुटतो. पिकल्या केळ्यांवर जमणाऱ्या चिलटांच्या कुळातील काही माश्या अशा फुलोऱ्यांतच अंडी घालतात.

या निबंधाचे मर्म असे की, एकाच फुलोऱ्यात दोन जाती राहतात. एक स्त्री-फुलांच्या भागात वाढते, दुसरी पुं-फुलांच्या. लेखकांनी त्यांना नावेही तशीच दिली : ड्रॉसोफिलेला पिस्टिलिकोला आणि ड्रॉसोफिलेला स्टॅमेनिकोला. 'कोला' म्हणजे राहणारा. एक स्त्रीकेसरांत राहणारी, दुसरी पुंकेसरांत. जाळ्यात सापडलेली माशी आपण कोठे वाढलो हे सांगत नाही. त्यासाठी फुलोराच तपासावा लागतो. ओकिनावा बेटावरील अलोकासिया या अळवाच्या नातलगावरही पुढे अशीच वाटणी आढळली.

आमची तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. पहिली, नावांबद्दल. वागणुकीवरून नाव देणे आकर्षक असले तरी जोखमीचे असते. उद्या तीच माशी दुसऱ्या झाडावर वेगळी वागताना दिसली, तरी केवळ अयोग्य ठरले म्हणून नाव बदलण्यास नियम परवानगी देत नाहीत. दुसरी, भाषेबद्दल. जातिवर्णनाची तुटक, सांकेतिक भाषा शिक्षकाला दारातूनच परत पाठवते. तिच्या बाजूने एवढे म्हणता येईल की केस, पंखांच्या शिरा, नराची जननांगे यांचे हे रुक्ष वर्णन आणि संग्रहालयात जपलेला मूळ नमुना यांमुळेच दुसऱ्या कोणालाही लेखकांचा दावा पडताळता येतो.

तसा पडताळा पुढे झालाही. या माश्या आता कोलोकेसिओमाया या वंशात मोडतात. वंश बदलल्यामुळे नावापुढे लेखकांची नावे कंसात लिहितात. विद्यार्थी या कंसाबद्दल विचारतात, तेव्हा हे उदाहरण उपयोगी पडेल. जातीचे नाव राहिले, वंश बदलला. म्हणजे नाव देऊन शोध संपत नाही.

येत्या पावसाळ्यात रानअळवाचा एखादा फुलोरा मिळाल्यास तो वांझ पट्ट्याशी कापावा. दोन्ही तुकडे वेगळ्या बरण्यांत ठेवून तोंडाला पातळ फडके बांधावे आणि रोज नोंद करावी. कोणत्या बरणीतून काय निघते ते मुलांनाच पाहू द्यावे. काहीच निघाले नाही, तर तेही वहीत लिहावे.