तलवारीला धार लावणारा

सेदानची लढाई संपली, तिसरा नेपोलियन बादशहा कैद झाला आणि ३ सप्टेंबर १८७० रोजी प्रशियाच्या विल्हेल्म राजाने भोजनाच्या वेळी आपल्या तिघा माणसांच्या नावे पेला उचलला. रोनने आमच्या तलवारीला धार लावली, मोल्टकेने ती चालवली आणि बिस्मार्कने आमचे राजकारण ह्या थराला नेले, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. राजाने रोनचे नाव पहिले घेतले. इतिहासकारांनी मात्र हा क्रम पाळला नाही. बिस्मार्कवर कपाटेच्या कपाटे भरतील इतके लिहिले गेले, मोल्टकेच्या मौनाचेसुद्धा कौतुक झाले आणि बिचारा रोन ह्या दोघांच्या चरित्रांतून तळटिपांपुरता उरला. ह्यात अन्याय आहेच. पण गंमत अशी की, ह्या दुर्लक्षामुळे त्याचे श्रेय जसे बुडाले, तसा त्याचा दोषही झाकला गेला.

आल्ब्रेख्त फॉन रोन १८०३ साली पोमेरानियात, कोलबेर्ग शहराजवळच्या एका खेड्यात जन्मला. बाप लष्करी अधिकारी. पण फ्रेंचांच्या अंमलात घराची वाताहत होऊन तो वारला आणि मुलाला आजीने वाढवले. तेराव्या वर्षी सैनिकी शाळा, अठराव्या वर्षी अधिकारपद. इथवर सारे त्या काळच्या कोणत्याही गरीब सरदारपुत्रासारखेच. वेगळे घडले ते पुढे. बर्लिनच्या सैनिकी शाळेत शिकवताना त्याला भूगोलाने झपाटले. थोर भूगोलवेत्ता कार्ल रिटर ह्याच्या विचारांवर पोसलेले त्याचे भूगोलाचे पाठ्यपुस्तक १८३२ साली निघाले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. तलवारीआधी लेखणीने नाव मिळवलेला हा शिपाई पुढे युद्धमंत्री झाला, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी कौतुकाने सांगून सोडून दिली आहे. मला तीच त्याच्या कर्तृत्वाची किल्ली वाटते. नदी कोठून निघते आणि किती पाणी घेऊन कोठे जाते, हे पाहणारी नजरच त्याने पुढे सैन्याकडे वळवली. माणसे किती, कोठून येतात, किती दिवसांत कोठे पोहोचतात, हा त्याचा ध्यास होता.

आणि प्रशियाच्या सैन्यात हा हिशेब कधीच चुकला होता. १८१५ नंतर लोकसंख्या सुमारे एक कोटी दहा लाखांवरून एक कोटी ऐंशी लाखांवर गेली, तरी दर वर्षी भरती होत होती ती चाळीस हजारांचीच. १८५० साली ऑस्ट्रियाविरुद्ध सैन्य गोळा करण्याची वेळ आली तेव्हा त्याचे वाभाडे निघाले. रोनने १८५८ च्या जुलैत आपले टिपण सादर केले. पुढच्या वर्षी, ५ डिसेंबरला, तो युद्धमंत्री झाला. वर्षाला त्रेसष्ट हजारांची भरती, तीन वर्षांची पक्की नोकरी, पायदळाच्या एकोणचाळीस आणि घोडदळाच्या दहा नव्या पलटणी, अशी त्याची मागणी होती. फराळाच्या ताटाशेजारी लष्कराचे अंदाजपत्रक मांडणे वाचकांना कदाचित रुचणार नाही. पण हे आकडे टाळून रोन समजत नाही.

कारण ह्या आकड्यांच्या पोटात दुसरेच काही दडले होते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात 'लांडवेर' नावाची नागरी फौज उभी राहिली होती. तिचे अधिकारी बरेचसे मध्यमवर्गातले असत आणि ह्या फौजेचा त्या वर्गाला मोठा अभिमान होता. रोनला ती लष्करीदृष्ट्या कुचकामी वाटे, आणि राजकीयदृष्ट्याही धोक्याची वाटे. ती मागच्या रांगेत गेली म्हणजे शिपायाच्या मनात राजाशिवाय दुसरा धनी उरणार नाही, हे त्याला हवे होते. उदारमतवाद्यांना सैन्य वाढवण्याचे वावडे नव्हते. त्यांनी १८६० साली नव्वद लाख थालर तात्पुरते म्हणून मंजूरही केले. सरकारने त्या तात्पुरत्या पैशावर कायमच्या पलटणी उभ्या केल्या! पाहुणा म्हणून आलेल्याने घराचा उंबरठा आपल्या नावावर करून घ्यावा, तसा हा प्रकार झाला.

१८६२ चा सप्टेंबर हा रोनच्या आयुष्यातला सर्वांत बोलका महिना. एरवी हट्टी म्हणून ओळखला जाणारा हा मंत्री १७ तारखेला विधिमंडळात नरमला. नोकरी दोन वर्षांवर आणून तडजोड होऊ शकेल, अशी आशा त्याने दाखवली. राजाने ती धुडकावली आणि गादी सोडण्याची भाषा सुरू केली. दुसऱ्याच दिवशी रोनने पॅरिसला बिस्मार्ककडे तार केली : 'विलंबात धोका आहे. त्वरा करा.' पहिले वाक्य लॅटिनमध्ये, दुसरे फ्रेंचमध्ये आणि खाली ठरलेल्या संकेताप्रमाणे 'मॉरिस हेनिंगचा काका' अशी सही. २३ तारखेला विधिमंडळाने ३०८ विरुद्ध ११ मतांनी सैन्याचा वाढीव खर्च नाकारला आणि त्याच दिवशी बिस्मार्क मुख्य मंत्री झाला. पुढची चार वर्षे मंजुरीवाचून कर वसूल झाले, पलटणी पोसल्या गेल्या.

मला सतराव्या तारखेचा रोन अठराव्या तारखेच्या रोनपेक्षा मोठा वाटतो. त्याला तडजोड शक्य आहे हे दिसले होते, तिची किंमतही माहीत होती. राजाने मान हलवताच त्याने ती वाट सोडली ती कायमची. आज्ञाधारकपणा हा शिपायाचा गुण. मंत्र्याच्या अंगी तो आला म्हणजे कधी कधी सबंध देशाला जड जातो.

पुढचा विजयाचा भाग साऱ्यांना ठाऊक आहे. १८६४, १८६६, १८७०. १८६६ च्या विजयानंतर त्याच विधिमंडळाने झाले गेले कायदेशीर ठरवून दिले. १८७० साली अठरा दिवसांत साडेचार लाखांहून अधिक जर्मन सैनिक आगगाडीने सरहद्दीवर पोहोचले. भूगोलाच्या मास्तराचा हिशेब बिनचूक उतरला. त्याच युद्धात सेदानला त्याचा मुलगा बेर्नहार्ड जखमी होऊन गेला. दम्याने हैराण झालेला बाप तरीही कामावर राहिला. १८७३ साली तो फील्ड मार्शल झाला आणि प्रशियाचा मुख्य मंत्रीही. पण वर्ष संपण्यापूर्वीच त्याने पद सोडले. १८७९ साली तो वारला.

त्याच्या आठवणी आणि पत्रे मुलाने, वाल्डेमारने, १८९२ साली छापली. मुलाने बापाचे पुस्तक सजवावे हे स्वाभाविक, आणि ह्या ग्रंथात ते जागोजागी दिसते. तरीही बॉनचा प्राध्यापक पेर्थेस ह्याच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचावा असा आहे. तेथे रोन धार्मिक, चिडका, थकलेला आणि प्रामाणिक असा समोर येतो. एक प्रश्न मात्र त्या पानांत कोठेच नीट विचारलेला नाही : लोकप्रतिनिधींच्या हातून सोडवून आणलेले हे सैन्य अखेर कोणाला जबाबदार राहणार?

उत्तर त्याच्या खुर्चीवर बसलेल्यांना मिळाले. १८८३ साली युद्धमंत्री कामेके ह्याला जावे लागले. त्याच सुमारास बढत्या-बदल्यांचा कारभार मंत्र्याच्या हातून निघून राजाच्या लष्करी दफ्तराकडे गेला आणि सरसेनापतीच्या कचेरीला मंत्र्यावाचून थेट सम्राटाकडे जाण्याची मोकळीक मिळाली. विधिमंडळात उभे राहून सैन्याच्या खर्चाची उत्तरे देणे, एवढे काम मंत्र्याकडे उरले.