सांध्याचे सौंदर्यशास्त्र : ‘दक्षिणचित्र’मधील नवी भर आणि दृश्यसंक्रमण

एक

एखाद्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवले गेले, की समीक्षक बहुधा त्या प्रकरणाचा स्वतंत्र दर्जा तपासतो. आधीची दोन प्रकरणे ज्या जागी एकमेकांना भिडत होती तिथे या भरीमुळे काय घडले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. आशयसूत्रानुसार विभागलेल्या दृश्य-अवकाशांच्या बाबतीतही हीच उपेक्षा आढळते. मनोरंजन उद्याने, खुली संग्रहालये, प्रदर्शननगरे यांत नवी वास्तू उभी राहिली की तिच्या अस्सलपणाची चर्चा होते. तिच्यामुळे एका विभागातून दुसऱ्या विभागात जाणाऱ्या प्रेक्षकाच्या दृष्टीचा प्रवास कसा बदलला, याची होत नाही. चेन्नईच्या दक्षिणेस मुट्टुकाडू येथे असलेल्या ‘दक्षिणचित्र’ या संग्रहालयाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या प्रश्नाचे सर्वपरिचित उत्तर १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे सुरू झालेल्या डिस्नेलँडने दिले. त्याच्या रचनाकारांपैकी अनेक जण चित्रपटनिर्मितीतून आलेले होते. पडद्यावर एक दृश्य विरत जाऊन दुसरे उमटते, तसा एका विभागातून दुसऱ्यात प्रवेश व्हावा, अशी त्यांची धारणा होती. मातीच्या उंच बांधाने बाहेरचे जग झाकले गेले, आणि आतल्या सीमांवर झाडी, कमानी, बदलती फरसबंदी यांची योजना झाली. नवी भर घालतानाही हाच दंडक पाळला गेला. फ्लोरिडातील ‘टॉवर ऑफ टेरर’ हा १९९४ चा उंच मनोरा शेजारच्या एपकॉट उद्यानातील मोरोक्को दालनामागे दिसू लागला, तेव्हा त्याच्या माथ्याचे रूप व रंग त्या दालनाशी जुळतील असे ठरवण्यात आले होते. डिस्नेलँडमध्ये २०१९ साली ‘स्टार वॉर्स’वरील विभाग खुला झाला, त्यासाठी आधीच जुन्या नदीचा मार्ग आखडून तिच्या काठी खडक आणि धबधबे रचले गेले व २०१७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. सांधा दिसता कामा नये, आणि नवी भर नवी म्हणून जाणवली नाही तरच ती यशस्वी, हे या परंपरेचे सूत्र आहे. उम्बर्तो इको आणि जाँ बोद्रियार यांनी या सफाईमागील विचारप्रणालीची चिकित्सा केली, ती तुलनाकारांच्या परिचयाची आहे. ‘सांधा लपवणे’ याखेरीज दुसरे एखादे सौंदर्यतत्त्व संभवते का, या प्रश्नाकडे मात्र त्या चिकित्सेचा रोख नव्हता.

दोन

‘दक्षिणचित्र’ हे मद्रास क्राफ्ट फाउंडेशनचे संग्रहालय १९९६ च्या डिसेंबरात खुले झाले. डेबोरा त्यागराजन यांची ही कल्पना. प्रारंभीचा आराखडा लॉरी बेकर यांचा. त्याला पुढे प्रत्यक्ष रूप देण्यात वास्तुविशारद बेनी कुरियाकोस यांचा मोठा वाटा. सुमारे दहा एकरांच्या या जागेत तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांचे स्वतंत्र विभाग आहेत. मूळ गावी पाडली जाणार असलेली काही घरे विकत घेऊन, तिथे सुटी करून, येथे पुन्हा जोडण्यात आली. काही कारागिरांकरवी नव्याने बांधण्यात आली. चेट्टिनाडचे व्यापाऱ्याचे घर, अग्रहारातील घरे, केरळातील सीरियन ख्रिस्ती कुटुंबाचे लाकडी घर, किनारी आंध्रातील वर्तुळाकार मातीचे घर, इलकलच्या विणकराचे दगडी घर अशी ही मांडणी आहे. ती एका वेळी पूर्ण झालेली नसून भरीभरीने वाढली आहे. त्याच मुट्टुकाडू परिसरात, त्याच किनारी रस्त्यावर, पाळण्यांचे एक मोठे मनोरंजन उद्यानही आहे. दोहोंची उद्दिष्टे भिन्न असली, तरी तिकीट काढून आत येणाऱ्या प्रेक्षकाला विभागाविभागांतून नेण्याचा प्रश्न दोघांनाही सारखाच पडतो.

येथे पहिली अडचण वास्तुप्रकारांतच आहे. अग्रहारातील घर भिंतीला भिंत लावून उभे राहते. त्याचा अर्थ गल्लीशिवाय पुरा होत नाही. केरळातील घर आपल्या आवारात, झाडांच्या मध्ये, एकटे असते. गल्लीचे आवार होऊ शकत नाही. त्यामुळे तमिळ विभागात एखादे घर वाढवले तर गल्ली अधिक सलग होते, पण केरळ विभागात एखादे घर वाढवले तर आधीच्या घराचे एकटेपण उणावते. ‘एका घराची भर’ ही क्रिया दोन्हीकडे सारखी दिसली, तरी तिचा दृश्य परिणाम परस्परविरोधी असतो.

दुसरी अडचण विभागणीच्या तत्त्वाची आहे. चार विभाग म्हणजे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने निर्माण केलेला नकाशा. या घरांचे मूळ प्रदेश मात्र त्याआधीच्या निराळ्या नकाशात वसलेले होते. कालिकत आणि विशाखापट्टणम ही दोन्ही मद्रास इलाख्यात होती. कोट्टयम त्रावणकोर संस्थानात, चिकमगळूर म्हैसूरमध्ये, नलगोंडा निजामाच्या राज्यात, तर इलकल मुंबई इलाख्याच्या विजापूर जिल्ह्यात. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले आणि नलगोंड्याकडील इकत विणकराचे घर, जागचे न हलता, दुसऱ्या राज्याचे ठरले. ही भर वास्तूची नव्हती, केवळ सीमेची होती. तरीही ‘आंध्र’ या विभागाच्या पोटात तिने एक नवा सांधा निर्माण केला. विभागाची सीमा हा घरांचा अंगभूत गुण नसून त्यांच्यावर केलेले एक वाचन आहे, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

तीन

या पेचाकडे पाहण्याची एक दृष्टी तमिळ काव्यशास्त्रातच उपलब्ध आहे. संगमकाव्यातील ‘तिणै’ ही संकल्पना ए. के. रामानुजन यांच्या १९६७ च्या इंग्रजी अनुवादग्रंथामुळे तुलनात्मक अभ्यासात रुळली. डोंगर, कुरण, शेतजमीन, सागरकिनारा आणि रखरखीत माळ अशा पाच भूप्रदेशांना विशिष्ट फुले, पक्षी, प्रहर, व्यवसाय आणि प्रेमभावनेच्या अवस्था नेमून दिलेल्या असतात. आशयसूत्रानुसार अवकाशाची विभागणी करण्याचा इतका काटेकोर प्रयत्न अन्यत्र क्वचितच आढळेल.

‘तोल्काप्पियम’ हा ग्रंथ ही विभागणी सांगून थांबत नाही. तो संक्रमणाचे नियमही सांगतो. तिणैंची परस्परांत सरमिसळ निषिद्ध नाही. मात्र दोन भूमी एका ठिकाणी मिसळत नाहीत, असा एक दंडक आहे. दुसरा दंडक असा, की एखादे फूल वा पक्षी आपल्या भूमीबरोबर व आपल्या काळाबरोबर न येता परक्या भूमीत आला, तर तो ज्या भूमीत आला तिचाच मानावा. शिवाय पाचवा प्रदेश ‘पालै’ हा स्वतंत्र भूभाग नसून डोंगर आणि कुरण ही उन्हाळ्याने करपली की त्यांनाच ते रूप येते, असे ‘सिलप्पदिकारम्’मध्ये म्हटले आहे. म्हणजे संक्रमणावस्थेलाच येथे विभागाचा दर्जा मिळाला. ती झाकण्याची वस्तू राहिली नाही.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी ‘गाथासप्तशती’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्री प्राकृतातील या गाथा आणि संगमकविता यांचे साम्य जॉर्ज हार्ट यांनी १९७५ च्या ग्रंथात तपशिलाने दाखवले. परंतु गाथांमध्ये गोदातीर, विंध्य, शेते ही स्थळे असूनही त्यांची शास्त्रबद्ध विभागणी नाही. प्रसंग स्थळाला रंग देतो. सीमा आखूनच मिश्रणाला मुभा देणारी परंपरा आणि सीमा न आखताच मिसळू देणारी परंपरा, असा हा भेद आहे.

‘तोल्काप्पियम’चे दंडक ‘दक्षिणचित्र’ला लावून पाहिले, तर मुट्टुकाडूची भूमी ही सागरकिनाऱ्याची आहे, हे प्रथम मान्य करावे लागते. कोट्टयमचे घर येथे आले, तरी कोट्टयमची भूमी आली नाही. भूमी मिसळत नाही. आलेले घर मात्र फुलापक्ष्यासारखे, जिथे आले त्या भूमीचे झाले. म्हणून नव्या घराने आपण मूळ गावीच आहोत असा आभास निर्माण करणे ही या शास्त्राच्या दृष्टीने चूक ठरते. शेजारच्या घराशी त्याने नाते जोडावे, एवढीच अपेक्षा योग्य होय.

चार

हे नाते कसे जोडावे, याचे ज्ञान संग्रहालयातील विणकरांच्या घरांतच आहे. कांचीपुरम, इलकल आणि नलगोंडा परिसर यांच्या विणकरपरंपरांकडे सांध्याच्या तीन भिन्न पद्धती आहेत. कांचीपुरमच्या ‘कोरवै’ पद्धतीत अंग आणि काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणून धाग्यात धागा अडकवतात. रंग एकदम पालटतो, रेषा ठसठशीत राहते, पण कापड अखंड असते. इलकलच्या लुगड्यात, म्हणजे आपल्याकडच्या इरकलीत, अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासे घालून एकमेकांत ओवतात. सुती अंग आणि रेशमी पदर ही दोन स्वभावांची वस्त्रे अशा रीतीने एक होतात. इकतमध्ये सूत विणण्यापूर्वीच बांधून रंगवलेले असते. त्यामुळे आकृतीच्या कडा पसरट होतात व एक रंग दुसऱ्यात उतरतो.

डिस्नेलँडने केवळ तिसऱ्या पद्धतीला कला मानले. पहिल्या दोन पद्धतींत सांधा दिसतो, आणि तो दिसण्यातच कसब असते. ‘दक्षिणचित्र’मधील नव्या भरीचे मूल्यमापन याच भेदाने व्हावे असे वाटते. ओटा हे त्याचे उदाहरण आहे. तमिळ घराची ‘तिण्णै’, केरळातील घराचे ‘पूमुखम्’, आपली ओसरी ही घर आणि रस्ता यांच्यामधली, बसण्याबोलण्याची जागा आहे. तिच्या खांबांचे लाकूड वा दगड, उतरत्या छपराची उंची, बैठकीची रुंदी प्रदेशागणिक बदलते. तिचे प्रयोजन बदलत नाही. दोन विभागांच्या सीमेवर नवे घर उभारताना त्याची ओसरी शेजारच्या विभागाकडे उघडली, तर राज्याची रेषा पुसली न जाताही ओलांडली जाते. उलट त्याची मागची भिंत सीमेकडे आली, तर घर कितीही अस्सल असो, ती रेषा तटबंदी होते.

यावर एक आक्षेप संभवतो. शालेय विद्यार्थी आणि घाईने आलेला पर्यटक यांना राज्यवार विभागणीच सुबोध वाटते. सांधे उघडे ठेवले तर संग्रहालयाचे वाचन अवघड होईल. आक्षेपात तथ्य आहे. पाडकामातून जे वाचवायचे होते ते आधी वाचवणे, ही निकड सौंदर्यविचाराहून मोठी होती, हेही मान्य केले पाहिजे. परंतु सुबोधतेसाठी स्वीकारलेली चौकट प्रत्येक नव्या भरीबरोबर अधिक नैसर्गिक वाटू लागते, आणि मग तिच्यात न बसणारे अस्तित्वातच नव्हते असा समज रूढ होतो.

तंजावरची मराठी हे याचे आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण आहे. चार राज्यांच्या मांडणीत तिला स्वतंत्र विभाग असू शकत नाही, कारण ती कोणत्याही एका राज्याची नाही. तिची जागा सांध्यातच आहे. तंजावरच्या शहाजीराजांच्या (राज्यकाल १६८४ ते १७१२) नावावर असलेल्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या भाषा एका रंगमंचावर येतात. प्रत्येक नायिका आपली भाषा बोलते, ती सोडत नाही, आणि तरीही नाटक एकच राहते. हे ‘कोरवै’चेच तत्त्व आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात चोळकालीन वास्तूच्या प्रांगणात नायककालीन सुब्रह्मण्य मंदिर उभे आहे, आणि चोळांच्या तमिळ लेखांच्या सहवासात १८०३ चा भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. यांपैकी कोणतीही भर स्वतःला चोळकालीन भासवत नाही. आज त्या भरींशिवाय बृहदीश्वराचे वाचन अपुरे ठरते.

सारांश, नव्या भरीची कसोटी तिच्या अस्सलपणात किंवा अदृश्यतेत नसून तिने सांध्याला काय बोलू दिले यात आहे. ‘दक्षिणचित्र’मध्ये पुढे जे घर उभे राहील ते कोणत्या राज्याचे, हा प्रश्न विचारला जाईलच, त्याची ओसरी कुणाकडे उघडते, हा प्रश्नही त्याच्याबरोबर विचारला जावा. राज्यांच्या भाषिक सीमा आखून घेतलेल्या आपल्या साहित्येतिहासांनाही तो लागू आहे.