हिशेबाविना पुनर्जन्म

मंद्रूपमध्ये बसून जपानी चित्रपटावर लिहायचे, तर आधी थोडा खुलासा करायला हवा. माझ्या अभ्यासाचा विषय पुनर्जन्माविषयीच्या लोकसमजुती हा आहे. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. कीर्तने, जत्रा, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि मिळतील ती जुनी पुस्तके, एवढीच माझी साधने. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला आणि त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ‘‘काका, हा बघा. तुमच्या कामाचा आहे. यात माणसं मरतात आणि परत येतात.’’

चित्रपट होता ‘द स्काय क्रॉलर्स’. हिरोशी मोरी यांच्या कादंबरीमालेवर आधारलेला, मामोरु ओशी यांनी दिग्दर्शित केलेला, 2008 सालचा, सुमारे दोन तासांचा ॲनिमेशनपट. त्याच वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात स्पर्धा विभागात दाखवला गेला. ओशी यांचे नाव जगभर झाले ते 1995 सालच्या ‘घोस्ट इन द शेल’मुळे. पुतण्या परत गेल्यावर मी हा चित्रपट आणखी तीनदा पाहिला. माणसे परत येतात, हे त्याचे म्हणणे खरे होते. पण आपण ज्याला पुनर्जन्म म्हणतो तो हा नव्हे, असे माझे मत बनत गेले. प्रस्तुत लेखात ते मांडण्याचा प्रयत्न आहे.

कथा थोडक्यात अशी. जगात शांतता नांदते आहे. तरीही दोन खासगी कंपन्या एकमेकींशी विमानयुद्ध खेळत असतात आणि लोक ते घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहतात. विमाने चालवणारी मुले ‘किल्ड्रेन’ म्हणून ओळखली जातात. ‘किल’ आणि ‘चिल्ड्रेन’ हे दोन्ही शब्द त्या नावात ऐकू येतात. ही मुले किशोरवयाच्या पुढे वाढत नाहीत. मारले गेले तरच मरतात. यूइची कान्नामी हा असाच एक वैमानिक एका तळावर नव्याने रुजू होतो. त्याच्याआधी ते विमान जिनरो कुरिता चालवत असे. त्याचे काय झाले, हे कोणी सांगत नाही. तळाची प्रमुख सुइतो कुसानागी हीदेखील किल्ड्रेनच. जिनरोवर तिचे प्रेम होते आणि त्याला तिनेच गोळी घातली, ही कुजबूज हळूहळू कान्नामीच्या कानावर येते. कान्नामी काडी ओढून सिगारेट पेटवतो आणि काडी मोडून टाकतो. कुसानागी ते पाहत राहते. जिनरोही तसेच करत असे.

याच तळावर एक वैमानिक वर्तमानपत्र वाचून झाल्यावर नीट घडी घालतो. एके दिवशी तो पडतो. काही दिवसांनी त्याच्या जागी नवा मुलगा येतो. नाव वेगळे, पण वर्तमानपत्राची घडी तशीच. कोणी काही बोलत नाही.

आपल्याकडच्या पुनर्जन्माच्या चित्रपटांशी याची तुलना करून पाहावी. ‘मधुमती’ (1958) असो की ‘कर्ज’ (1980), तिथे मागचा जन्म आठवतो. हवेली पाहून आठवतो, सुरावट ऐकून आठवतो. आठवल्यावर गुन्हेगार सापडतो आणि थकलेले देणे फिटते. हे काही सिनेमावाल्यांनी रचलेले नाही. आपल्या लोकसमजुतींचा पायाच हिशेबाचा आहे. संचित, प्रारब्ध, मागील जन्मीचे ऋण, ऋणानुबंध हे सारे शब्द वहीखात्यातले आहेत. एका जन्माचे पान संपले की शिल्लक पुढच्या पानावर ओढली जाते.

‘द स्काय क्रॉलर्स’मध्ये शिल्लक ओढली जात नाही. माणूस परत येतो, कौशल्य परत येते, सवय परत येते. स्मृती तेवढी येत नाही. मित्सुया नावाची वैमानिक मुलगी एका प्रसंगी सांगते, की आपल्याला नक्की किती दिवसांपूर्वीचे आठवते, आपण किती काळ लढतो आहोत, हेच कळत नाही. इथे परत येणाऱ्याला मागचे काही फेडायचे नसते. त्याने फक्त कामावर हजर व्हायचे असते. कंपनीला कसलेला हात हवा, पण त्या हाताने आधी काय भोगले, ते त्याला आठवायला नको. स्मृती असेल तर माणूस ‘का’ म्हणून विचारील. म्हणून मला हा चित्रपट अध्यात्माचा वाटत नाही. तो नोकरीचा वाटतो, व्यवस्थेचा वाटतो. कुसानागी एकदा युद्धाचे कारण सांगते. शांततेची किंमत लोकांना कळत राहावी म्हणून कुठेतरी, कोणीतरी खरोखर लढत असल्याची जाणीव त्यांना लागते. 1991 च्या आखाती युद्धात आपणही पहिल्यांदा चहा पीत पीत बॉम्बहल्ले पाहिले. त्यामुळे तिचे ते वाक्य परके वाटत नाही.

आपल्या लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी ‘चि.’ छापतात. चिरंजीव असणे हा आशीर्वाद आहे, असे आपण धरून चालतो. पण आपल्याच सात चिरंजीवांत अश्वत्थामाही आहे. भळभळत्या जखमेवर घालायला तो दारोदार तेल मागतो, असे आजही खेडोपाडी सांगतात. त्याला मरण नाही, पण विसरही नाही. किल्ड्रेनची स्थिती याच्या उलट आहे. त्यांची जखम दर वेळी पुसली जाते आणि दर वेळी नव्याने होते. दोहोंत वाईट कोणती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या साऱ्यात अश्वत्थाम्याच्या जागी एकटी कुसानागी आहे. ती बराच काळ मारली गेलेली नाही, म्हणून तिच्यापाशी स्मृती साठली आहे. तिला एक मुलगी आहे. लोकांना ती धाकटी बहीण म्हणून सांगितली जाते, आणि लवकरच ती वयाने आईला गाठणार आहे. चित्रपटातील प्रेम या ठिकाणी समजून घ्यावे लागते. कुसानागी ज्याच्यावर प्रेम करते तो तिला ओळखत नाही. त्याच्या वतीने तिलाच सारे लक्षात ठेवावे लागते.

इथे घरची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून मला हा चित्रपट उलगडला नसता. माझा थोरला भाऊ सात वर्षांचा असताना तापाने गेला. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. दुसऱ्या वर्षी धाकटा झाला. ‘‘तोच आलाय माघारी,’’ असे आजी म्हणाली आणि थोरल्याचेच नाव धाकट्याला ठेवले गेले. थोरल्याला भाकरीचा पापुद्रा आधी सोलून ताटाच्या कडेला ठेवायची आणि शेवटी खायची सवय होती. धाकटाही तसेच करू लागला, तेव्हा आईने हातातले काम टाकले आणि ती रडली. घरात कोणालाच शंका उरली नाही. मला मात्र एक आठवते. धाकटा भाकरी खायला लागला त्या पहिल्या दिवसांत पापुद्रा सोलून ताटाच्या कडेला ठेवायची ती आईच. धाकटा वीसेक वर्षांचा असताना एकदा मला म्हणाला, ‘‘दादा, मला कोणी बघतच नाही. माझ्यात कोणाला तरी हुडकतात.’’ लॅपटॉप घेऊन आलेला पुतण्या याच भावाचा मुलगा.

म्हणून काडी मोडण्याचे दृश्य मी पुनःपुन्हा पाहिले. बहुतेक समीक्षक त्या काडीकडे पुरावा म्हणून पाहतात: कान्नामी म्हणजेच जिनरो. कथेच्या पातळीवर ते बरोबरही आहे. पण ओशी काडीइतकेच काडीकडे पाहणाऱ्या डोळ्यांनाही दाखवतात. परत आलेल्यावर दोन बाजूंनी अन्याय होतो. कंपनी त्याचा भूतकाळ पुसते आणि प्रेम करणारी व्यक्ती दुसऱ्याचा भूतकाळ त्याच्यावर लादते. दोघांनाही तो, तो म्हणून नको असतो. प्रेमाच्या वाट्याचा हा दोष इतक्या शांतपणे मांडणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

चित्रणाची पद्धतही याच अर्थाला धरून आहे. जमिनीवरचे प्रसंग हाताने काढलेल्या सपाट चित्रांचे आहेत. चेहरे जवळजवळ हलत नाहीत, माणसे बोलताना मध्येच थांबतात. आकाश आणि विमाने मात्र संगणकावर घडवलेली, खोली आणि वजन असलेली. मुले खाली चित्रासारखी बसून असतात आणि वर गेली की जिवंत होतात. केंजी कावाई यांचे संगीत सोडले तर तळावर शांतताच जास्त. पहिल्यांदा पाहताना ही संथगती मलाही कंटाळवाणी वाटली. दुसऱ्यांदा वाटले, की ज्यांना उद्याच नाही त्यांच्या दिवसाची गती याहून वेगळी कशी असणार?

चित्रपटात दोषही आहेत. मित्सुयाच्या तोंडी किल्ड्रेनच्या उत्पत्तीचा जो लांबलचक खुलासा घातला आहे, त्याची गरज नव्हती. घडी घातलेल्या वर्तमानपत्राने ते आधीच सांगितले होते. तळाजवळच्या वेश्यागृहातील फूकोला पुरेसे घडवलेले नाही. ती सारे जाणून असल्यासारखी वावरते, पण तिचे स्वतःचे काही आपल्याला कळत नाही.

शेवटाबद्दल मतभेद आहेत. हे चक्र थांबावे म्हणून कुसानागी मरण मागते. कान्नामी तिला मरू देत नाही. काही बदलता येईल तोवर तू जग, असे सांगतो. मग तो विमान वळवून ‘टीचर’ या अजिंक्य शत्रूवर चाल करतो. किल्ड्रेन नसलेला, वयाने वाढलेला असा तो वैमानिक. बापाला मारायला निघालो आहे, असे कान्नामी म्हणतो, आणि मारला जातो. श्रेयनामावली संपल्यावर नवा वैमानिक तळावर येतो आणि कुसानागी त्याचे स्वागत करते. पुतण्याच्या मते हा पराभव आहे. सगळे पुन्हा पहिल्यापासून.

मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आपल्याच जिल्ह्यातले आहे. मोक्ष नको, पुन्हा गर्भवास चालेल, पण तुझा विसर पडू देऊ नकोस, असे मागणे तुकोबांनी देवापाशी केले. कीर्तनाच्या शेवटी आपण ते म्हणतो आणि घरी जातो. त्या मागण्यात पुनर्जन्माची भीती नाही. भीती आहे ती विसरण्याची. दरवर्षी त्याच वाटेने पंढरीला जाणाऱ्या वारकऱ्याला कोणी ‘चक्रात अडकलेला’ म्हणत नाही, कारण मागची वारी त्याच्याबरोबर चालत असते. वाट तीच असली तरी पाऊल रोज निराळ्या जागी पडू शकते, हा विचार कान्नामीच्या शेवटच्या स्वगतातही आहे. तेवढ्याने भागते का, हा प्रश्न तो स्वतःलाच विचारतो.

भागत नाही, हे खरे. कंपनी तशीच आहे, युद्ध तसेच चालू आहे. पण नव्याला सामोरी जाणारी कुसानागी आता मरण मागणारी उरलेली नाही. चष्मा काढून ती त्याच्याकडे हसून पाहते. ती त्याच्यात जिनरोला शोधते आहे की समोर उभ्या असलेल्या मुलाला पाहते आहे, हे ओशी सांगत नाहीत. माझ्या लेखी साऱ्या चित्रपटाचा निकाल या एका नजरेवर ठरतो.

गेल्या वर्षी पुतण्याला मुलगा झाला. बारशाच्या आधी घरात पुन्हा त्याच नावाचा विषय निघाला. धाकटा एवढेच म्हणाला, ‘‘त्याला त्याचं नाव ठेवा.’’ मग कोणी पुढे बोलले नाही. बाळाला नवे नाव ठेवले. त्याला अजून दात यायचे आहेत. भाकरी खायला लागेल तेव्हा पापुद्र्याचे तो काय करतो, ते पाहायचे नाही असे मी ठरवले आहे. जमेल की नाही, सांगता येत नाही.