‘बाळंतीण’ शब्दाचें पुल्लिंग

गर्भारपणाच्या बाबतींत मराठी भाषा फार श्रीमंत आहे. डोहाळे, ओटीभरण, बाळंतविडा, पाळणा, एवढा शब्दसंभार दुसऱ्या प्रसंगास क्वचितच लाभला असेल. परंतु ही सारी संपत्ति स्त्रीच्याच नांवें लिहून ठेवलेली आहे. ‘बाळंतीण’ शब्दाचें पुल्लिंग काय, असें मीं मागें वर्गांत विचारलें तेव्हां जळगांवचीं आमचीं मुलें मनमुराद हंसलीं. हंसण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं, असें मला वाटतें.

आपल्या पूर्वजांना ही कल्पना अपरिचित नव्हती. वनपर्वांतील राजा युवनाश्व तहानेच्या भरांत राणीसाठीं मंत्रून ठेवलेलें पाणी प्याला आणि त्यासच गर्भ राहिला; त्याची डावी कूस भेदून मांधाता जन्मास आला. कथाकारानें राजाची थट्टा केलेली नाहीं. जमलेल्या देवांना एकच चिंता पडली, कीं हें मूल पिणार काय? तेव्हां इंद्रानें आपली तर्जनी त्याच्या मुखांत दिली.

आधुनिक मराठी लेखक इतके मोकळे नाहींत. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ (२०१२) हें आत्मकथन धीट आहे, त्याचें मोल मी कमी मानीत नाहीं. पण पुरुषदेहांतून स्त्रीत्वाकडे जाणारी ती वाट झाली. उलट दिशेनें गेलेला, दवाखान्याच्या बाकावर पोटावर हात ठेवून बसलेला पुरुष मराठी कथेंत मला अजून भेटलेला नाहीं.

प्रत्यक्षांत तो आहे. ८ फेब्रुवारी २०२३ रोजीं केरळांत कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत झहाद यास मूल झालें. झहाद स्त्रीदेह घेऊन जन्मला, पुरुष म्हणून जगतो. त्याची जोडीदार झिया पुरुषदेह घेऊन जन्मली, स्त्री म्हणून जगते. झहादचे स्तन शस्त्रक्रियेनें काढलेले होते, गर्भाशय शाबूत होतें. हार्मोनचे उपचार थांबवून त्यानें गर्भ धारण केला. दूध दुग्धपेढींतून घ्यावयाचें ठरलें, म्हणजे इंद्राची तर्जनीहि मिळाली! अडलें तें जन्मदाखल्यावर. आई कोण नि बाप कोण? दोन्ही रकाने काढून नुसतें ‘पालक’ लिहावें, असें केरळच्या उच्च न्यायालयानें सांगितलें तें जून २०२५ मध्यें.

रकान्याचें हें दुखणें खानदेशास नवें नाहीं. जळगांव जिल्ह्यांतील भादली बुद्रुक येथें तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या राखीव जागेसाठीं केलेला अर्ज नाकारला गेला. जानेवारी २०२१ मध्यें औरंगाबाद खंडपीठानें त्यांना उभें राहूं दिलें आणि त्या निवडूनहि आल्या. न्यायालयाची वाट पाहणें उमेदवारास एक वेळ जमेल, गर्भास जमत नाहीं.

आणि दवाखान्यांत प्रश्न केवळ मानापमानाचा नसतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्तींत सिकलसेल आढळतो. दोघेहि जन्मदाते वाहक असले तर प्रत्येक गर्भास तो आजार होण्याचा संभव चारांत एक. म्हणून दोघांचें रक्त तपासावें लागतें; तेथें नांवांची अदलाबदल झाली तरी गणित चुकत नाहीं. परंतु हिमोफिलियाचा दोष मुलाकडे उतरतो तो बीजांड देणाऱ्याकडून. झहाद-झियासारखें जोडपें उद्यां धुळ्यास आलें आणि डॉक्टरानें ‘आई’ म्हणविणारीच्या माहेरचा इतिहास लिहून घेतला, तर सारा वंशवृक्ष उलटा निघेल. संकोचानें न विचारणारा येथें चुकतो, आणि कुचेष्टेनें विचारणाऱ्यास रोगी पुन्हां तोंड दाखवीत नाहीं.

कायद्याची भाषाहि अडचणीची आहे. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा १९९४ चा कायदा ‘गर्भवती स्त्री’चीच लेखी संमति मागतो. खानदेशांत त्या कायद्याची कडक अंमलबजावणी हवीच. मुलींचें घटलेलें प्रमाण आपण पाहिलें आहे. पण ‘स्त्री’ शब्द थोडा ऐसपैस वाचल्यानें कायदा ढिला होत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२२ मध्यें गर्भपाताच्या निकालांत तो शब्द तसाच वाचला. ज्यांना गर्भपाताची गरज पडेल अशा इतर व्यक्तींचाहि त्यांत समावेश केला.

अशा रोग्यास कोणत्या नांवानें हांक मारावी, हें परिचारिकेनें त्यालाच विचारावें. बीज कोणाचें आणि बीजांड कोणाचें, हें डॉक्टरानें दार लावून, सरळ शब्दांत विचारावें.